हाताचा अंदाज

ताई आली ती रिकामी बॅग घेऊन. राहायला येणारं माणूस बॅग भरून आणतं. हिने रिकामी आणली, म्हणजे जाताना ती भरून न्यायची होती. धाकट्याने हे दारातच ओळखलं, पण बोलला नाही. शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो धाकटाच होता, आणि ताईच्या आधी धाकट्याने तोंड उघडायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

मागोमाग दादा आणि वहिनी आले. तीन वर्षांपूर्वी दादा घरच्या बेकरीची भट्टी सोडून शाळेची बस चालवायला गेला, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. वहिनींनी आल्याआल्या पदर खोचला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आपण काहीतरी कामाला आलोय, भांडायला नाही, असं दाखवायची त्यांची ही नेहमीची पद्धत. प्रत्यक्षात भांडण लागलं की त्या दारात उभ्या राहून सगळ्यांत आधी ऐकायच्या.

रविवारी सकाळचा माल निघाला की बेकरीला सुट्टी. खाली भट्टी विझवलेली, दुकानाचं शटर ओढलेलं, वर तीन खोल्यांत ही सगळी माणसं. आतल्या खोलीत धाकट्याची बायको, बाई, पडून होती. ती शाळेत गणित शिकवायची. शाळेतली पोरं बाई म्हणायची म्हणून अप्पांनी, म्हणजे धाकट्याच्या वडिलांनी, सुनेला थट्टेने बाई म्हणायला सुरुवात केली. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली, थट्टाही विरली, नाव तेवढं राहिलं. आता तो स्वतःही बायकोला बाईच म्हणायचा. छातीतली गाठ काढून चार महिने झाले होते. चौथी केमो होऊन आज दहावा दिवस. अजून दोन बाकी होत्या.

"मी बटणला न्यायला आलेय," ताई खुर्चीत बसत म्हणाली. "हिचं सगळं आटपेपर्यंत राहील माझ्याकडे. शाळेचं मी बोलून ठेवलंय."

"कोणाशी बोललीस?" धाकट्याने विचारलं.

"तिच्या मुख्याध्यापिकेशी. तुला वेळ कुठे आहे?"

बटण, म्हणजे धाकट्याची चौदा वर्षांची मुलगी, खिडकीशी पुस्तक उघडून बसली होती. तिने पान उलटलं. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव ताईनेच दिलं होतं, आणि एखाद्या गोष्टीला नाव दिलं की तिच्यावर आपला हक्क लागतो, असं ताईचं पहिल्यापासून मत होतं.

"तिचं काही अडलेलं नाही इथे," धाकटा म्हणाला. "डबा वेळेवर, शाळा वेळेवर..."

"वर्गात झोपली होती ती! दोनदा. तुला कोणी सांगितलं नाही, कारण तू फोन उचलत नाहीस."

धाकट्याने बटणकडे पाहिलं. बटणने पुस्तकातून डोकं काढलं नाही. हे खरं आहे हे त्याला तेवढ्यावरून कळलं. मला कसं माहीत नाही, असा एक बारीक काटा त्याच्या मनात रुतला, आणि राग आला तो मात्र ताईचा.

"मुलगी माझी आहे. मी बघून घेईन."

"तू काय काय बघणार रे?" आता दादा बोलला. तो भिंतीला टेकून उभा होता. बसलं तर यजमानाचा पाहुणचार घेतल्यासारखं होईल म्हणून बसला नसावा. "पहाटे भट्टी, दुपारी दवाखाना, संध्याकाळी दुकान. माणूस आहेस की गिरणी? मी म्हणतो, भट्टीचं निदान महिनाभर..."

"भट्टीचं तू बोलू नकोस."

"का नको?"

"सोडून गेलास ना? मग बस चालव."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आल्या. एरवी ताई काहीही म्हणाली की वहिनींचं मत त्याच्या बरोबर उलटं असायचं; वीस वर्षांत त्यांनी हा नेम मोडला नव्हता. आज मोडला. "भाऊजी, ताई म्हणतात त्यात चूक काय आहे?" त्या म्हणाल्या. "पोरीला चार दिवस वेळेवर झोप मिळेल."

दोन्ही बायका एका बाजूला, दादाही त्यांच्यातच. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे हे आधी फोनवर ठरवून आलेत. आपल्याला फक्त कळवायला आलेत. तो तडक उठला, आतल्या खोलीत गेला आणि उशाजवळची वही उचलून बाहेर आला. बाईचे डोळे मिटलेले होते. गालांवर लाली होती. चार महिन्यांत असा रंग तिच्या चेहऱ्यावर आला नव्हता. त्याला बरंच वाटलं.

"घ्या!" त्याने वही दादाच्या पुढ्यात टेबलावर टाकली. "मला जमत नाही म्हणता ना? वाचा."

वही पाहण्यासारखी होती, यात शंका नाही. दवाखान्यातल्या नर्सने एक साधा कागद दिला होता; धाकट्याने त्यावरून पट्टीने रेघा मारून अख्खी वही आखली होती. तारीख, ताप सकाळचा, ताप संध्याकाळचा, गोळ्या, खाल्लं काय, पाणी किती पेले, उलटी झाली का. एक दिवस सुटलेला नाही. गोळीच्या वेळेपुढे मिनिटं लिहिलेली. बेकरीची एकसुद्धा नोंद त्याने जन्मात कधी इतकी नीट ठेवली नव्हती.

दादाने पानं उलटली. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," तो पुटपुटला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार." दोन-तीन पानं गेल्यावर त्याचा आवाज निवला. "छान ठेवलंयस रे."

दादाने शेवटचं 'छान' कधी म्हटलं होतं ते धाकट्याला आठवेना. सुखावायला हवं होतं. त्याऐवजी वही दादाच्या हातातून काढून घ्यावीशी वाटली.

कारण वहीतलं सगळं खरं होतं, तापाचे दोन रकाने सोडून.

तो काही ठरवून खोटं बोलला नव्हता. या घरात तीन पिढ्या उष्णता हाताने बघत आल्या होत्या. भट्टीच्या तोंडात हात धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. सातला चटका असह्य झाला तर पाव लावायचे, दहापर्यंत निभावलं तर बिस्किटं. अप्पा असताना एका विक्रेत्याने भट्टीला उष्णता दाखवणारी काट्याची तबकडी बसवून दिली होती. अप्पांनी तिच्यावर टोपी अडकवायला सुरुवात केली. वयाच्या सातव्या वर्षापासून धाकट्याच्या हाताने पावाचा एकही घाणा करपवला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचाच नव्हता. म्हणून पहिल्या केमोनंतर नर्सने ताप मोजायला सांगितलं तेव्हा त्याने मान डोलवली, येताना थर्मामीटर आणला आणि सकाळी भट्टीवरून वर येऊन बायकोच्या कपाळावर तळहात ठेवला. गार लागलं. ताप नाही. रकान्यात आकडा हवा, म्हणून त्याने आकडा लिहिला.

भट्टीवरून आलेल्या तापल्या हाताला कुठलंही कपाळ गारच लागणार, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि त्याने ते बसू दिलं नव्हतं.

"भाऊजी." वहिनी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, हातात चहाची कपबशी तशीच. "हिचं अंग तापलंय हो."

"गरम कप धरलाय तुम्ही वहिनी, म्हणून वाटतंय. सकाळी बघितलंय मी."

"मी कपाळाला गाल लावून बघितलं."

तो आत गेला. सगळे मागोमाग आले. खोलीत पाच माणसं येऊन उभी राहिली तशी बाईने डोळे उघडले आणि डोक्यावरचा रुमाल सारखा केला. धाकट्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. भांडणाने आणि भीतीने त्याचे हात आज गार पडले होते. त्या गार हाताला कपाळ असं लागलं की त्याने तो झटकन मागे घेतला.

"थोडं कोमट आहे," तो म्हणाला.

 बटण पुढे आली. तिने कपाट उघडलं, वरच्या कप्प्यातून थर्मामीटर काढला आणि तशीच उभी राहिली. थर्मामीटर प्लास्टिकच्या पाकिटात होता. पाकिटाची कड अजून चिकटलेलीच होती.

"बाबा, हे फोडलेलंच नाही."

दादाने वहीकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, मग भावाकडे. ताईचं तोंड उघडलं आणि मिटलं. जिला गप्प करायला आजवर कोणाला जमलं नव्हतं, तिला त्या बोटभर पाकिटाने गप्प केलं. धाकट्याला वाटलं, हिने आता शिव्या दिल्या तर बरं होईल.

बटणने दातांनी पाकीट फाडलं आणि थर्मामीटर आईच्या जिभेखाली ठेवला. मिनिट गेलं. मग तो वाजला.

"एकशे दोन पॉइंट एक," बटणने वाचलं. तिने थर्मामीटर बापापुढे धरला.

शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर घरी एक क्षण थांबायचं नाही, पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप साधा नसतो, हे नर्सने सांगितलेलं वाक्य धाकट्याला पाठ होतं. पहिल्या पानावर त्याने ते लाल शाईने लिहूनही ठेवलं होतं. त्याने दवाखान्याचा नंबर लावला. बोटं दोनदा चुकली.

"आत्ता किती आहे?" तिकडून नर्सने विचारलं.

"एकशे दोन पॉइंट एक."

"सकाळी किती होता?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. वही दादाच्या हातात होती. तीत सकाळच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," धाकटा म्हणाला.

"लगेच निघा."

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली. वहिनींनी बाईच्या अंगावर शाल घातली. ताईने आपली रिकामी बॅग उघडून तिच्यात बाईचे दोन गाऊन, टॉवेल, गोळ्यांची पिशवी भरली आणि ती धाकट्याच्या हातात दिली. "मी बटणजवळ थांबते," ती म्हणाली. "न्यायचं-बियायचं राहू दे आता. जा तू."

गाडीत बाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिच्या अंगाची धग त्याच्या सदऱ्यातून आत येत होती. पुढे दादा दोन्ही हातांनी चाक धरून चालवत होता, मागे पोरं बसलेली असावीत तसा सावकाश आणि जपून. धाकट्याला त्याला ओरडून 'हाण गाडी' म्हणावंसं वाटत होतं, आणि म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" त्याने बाईला हळूच विचारलं.

"तुम्ही मोजत नाही, हे माहीत नसेल का? ताप मला आहे ना," बाई म्हणाली. श्वास घ्यायला ती थांबली. "मला वाटलं, तुम्ही नुसतं 'ताप नाही' असं लिहिता. आकडे लिहिता हे आज दादांनी वाचलं तेव्हा कळलं. तेही दोनच आकडे आलटून पालटून. एखाद्या पोराने वहीत असं लिहून आणलं असतं ना, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं."

"मग एकदा तरी म्हणायचंस, मोजा म्हणून."

तिने डोळे मिटले. त्याला वाटलं, झोप लागली.

"तुमचा हात बरा वाटायचा," ती शेवटी म्हणाली. "आणि आकडा आला असता तर परत तिथे जाऊन पडावं लागलं असतं. मला नव्हतं जायचं."

दवाखान्यात त्यांना थांबावं लागलं नाही. नर्सने आधीच कळवून ठेवलं होतं. पडद्यामागच्या पलंगावर बाईला निजवलं, एकीने हातातून रक्त घेतलं, दुसरीने सलाइन लावलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण हात शांत. हातातल्या फळीवर कागद होता. दादा बॅग घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. बाहेर थांब, असं त्याला कोणी म्हटलं नाही आणि तोही गेला नाही.

"ताप कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आजच," बाई लगेच म्हणाली. "सकाळी यांनी मोजला तेव्हा नव्हता. दुपारीच चढला."

ती दादाकडे न बघता बोलत होती, आणि धाकट्याला कळलं की ती हे दादासाठीच बोलतेय. एवढ्या तापात, डोळे उघडवत नसताना, ही बाई नवऱ्याची थोरल्या भावासमोर अब्रू सांभाळत होती. दादानेही मूग गिळले. पाकीट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तो खाली फरशीकडे बघत राहिला. दोघांनी मिळून धाकट्याला वाट करून दिली होती. त्याने फक्त गप्प बसायचं होतं.

डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. धाकट्याला उलटी अक्षरं वाचता आली: चार ते सहा तास.

"थांबा," तो म्हणाला.

पेन थांबलं.

"ते खोडा. सहा तास नाही. मला माहीत नाही किती." त्याने पलंगाची कड धरली. "मी मोजलाच नाही. आज नाही, काल नाही, एकदाही नाही. हाताने बघून आकडे लिहीत होतो. मघाशी फोनवर सांगितलं तेही खोटं. वहीतला तापाचा एकही आकडा खरा नाही, पहिल्या पानापासून."

त्याला वाटलं होतं, डॉक्टरीणबाई ओरडतील. त्यांनी नुसतं लिहिलेलं खोडलं आणि पलंगाकडे वळल्या. "तुम्ही सांगा मग. थंडी कधी वाजली? अंग कधीपासून दुखतंय?"

बाईने डोळे मिटले. "गुरुवारी," ती म्हणाली. "गुरुवारी संध्याकाळी थंडी वाजली. मी दोन चादरी घेतल्या."

"गुरुवारी?" धाकट्याच्या तोंडून निघालं. "तू सांगितलं नाहीस!"

"शुक्रवारी बटणचा पेपर होता गणिताचा. मीच शिकवलं होतं सगळं. म्हटलं, तेवढा होऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. असे नवराबायको त्यांनी आधीही पाहिले असावेत. "म्हणजे तीन दिवस," त्या म्हणाल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या नर्सला भराभर सांगू लागल्या. छातीचा फोटो आत्ताच, औषध बदला, सोबत दुसरं जोडा, खालच्या वॉर्डात नको, वर लक्ष ठेवायच्या खोलीत न्या. जाताजाता त्या धाकट्यासमोर थांबल्या. "बोललात ते बरं केलंत. रक्तदाब उतरायला लागलाय त्यांचा. पुढचे दोन दिवस मला काहीच सांगता येणार नाही."

पलंग ढकलत नेला. लिफ्टचं दार लागलं. बाहेरच्या लांबच लांब बाकावर दोघे भाऊ बसले, मध्ये ताईची बॅग.

 धाकट्याने मान वर केली नाही.

"मी घाबरलो होतो दादा," तो म्हणाला. "हाताला कळतं वगैरे सगळं बोलायला आहे. थर्मामीटर लावला की तो काय दाखवेल ते आपल्या हातात नसतं. माझा हात मला हवं तेच सांगायचा. म्हणून मी त्यालाच विचारत राहिलो." त्याने तळवे गुडघ्यांवर पुसले. "ही गेली ना, तर मी मारली असं होईल."

"असलं बोलू नकोस."

"मला जमत नाहीये दादा. काहीच जमत नाहीये."

चार महिन्यांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं होतं. दादाने घसा खाकरला. त्याला कधीच सांत्वन करता आलं नव्हतं. अप्पा गेले त्या दिवशीही तो खाली जाऊन परातीच घासत बसला होता.

"उद्या भट्टी किती वाजता पेटवायची?" त्याने विचारलं.

"बसवर कोण जाईल?"

"ते माझं मी बघतो. तू वेळ सांग."

"चारला."

"बरं," दादा म्हणाला. मग त्याने फोन काढून ताईला लावला आणि अगदी हलक्या आवाजात, एकेक गोष्ट नीट सांगू लागला. बटणला फोन दे म्हणाला. तिलाही तेच सांगितलं, काही न लपवता.

तासाभराने वरून नर्स आली. "आत या. त्या विचारतायत. पाच मिनिटं फक्त."

खोलीत तीन यंत्रं होती आणि तिन्हींवर हिरवे आकडे हलत होते. आज धाकट्याने ते सगळे वाचले. कळले नाहीत, पण वाचले. तोंडाला मास्क, हातात हातमोजे, असा तो पलंगाशी उभा राहिला. तिच्या डोक्यावरचा रुमाल काढलेला होता. बाई फार लहान दिसत होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" तिने विचारलं. "खरं सांगा."

काही नाही गं, होशील बरी, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. चार महिने ते तयारच असायचं. तिच्याआधी त्यालाच ते ऐकायचं असायचं.

"दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाल्या," तो म्हणाला. "रक्तदाब कमी झालाय. औषध बदललंय. लागू पडेल की नाही ते परवा कळेल."

बाईने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. गाठ कळली त्या दिवशी ती रडली नव्हती, केस गेले तेव्हाही नाही. धाकट्याला काय करावं सुचेना. त्याच्याही डोळ्यांतलं पाणी मास्कच्या आत गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण त्याचे दोन्ही हात तिने घट्ट धरले होते.

"खुर्ची घ्या," ती म्हणाली. "एकेकट्याने घाबरून झालं. आता दोघं मिळून घाबरू."

त्याने पायानेच खुर्ची ओढली आणि तो बसला.